भात सोडू नका, जेवायची वेळ बदला

प्रश्न: नमस्कार ताई. मी मूळची सांगलीची, वय ३४. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही ब्राझीलमध्ये कॅम्पिनासला आलो. सांगलीत मी शाळेत शिकवत होते, इथे घरीच असते. आल्यापासून वजन ७ किलोंनी वाढलंय. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मात्र रोज दुपारी भात आणि घेवडा खातात, सोबत मांस, रविवारी बिअर. तरी सकाळी तळ्याभोवती पळताना दिसतात, अंगाने सडसडीत आहेत. मी भात पूर्ण सोडला. नाश्त्याला तापियोका (इथलं कंदाच्या पिठाचं धिरडं) खाते, दुपारी नुसतं सॅलड, संध्याकाळी असाई नावाच्या जांभळ्या फळाच्या गराचा वाडगा, कारण ते इथलं सुपरफूड आहे म्हणतात. रात्री साडेनऊला आम्ही दोघं पोळी-भाजी जेवतो. जिमला नाव घातलं, पण तिथल्या मुली बघून इतकं अवघडायला झालं की चार दिवसांत बंद केलं. आता एक शेजारीण भूक मारणाऱ्या 'नॅचरल' कॅप्सूल आणून देते म्हणतेय. आईला मधुमेह आहे, ती रोज फोनवर 'भात सोड' म्हणून मागे लागलेली असते. या लोकांचं गुपित काय आहे? आणि कॅप्सूल घेऊ का?
– एक वाचक, कॅम्पिनास

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

कॅप्सूल घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आजच ठरवा. 'नॅचरल' लिहिलेल्या बाटलीत खरोखर काय आहे, हे ती आणून देणाऱ्यालाही माहीत नसतं. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ब्राझिलियन डाएट पिल' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं. बाहेर लिहिलेलं 'सप्लिमेंट', आणि आत निघाली चिंतेवर आणि नैराश्यावर देतात ती औषधं, सोबत भूक मारणारं उत्तेजक. खुद्द ब्राझीलच्या औषध नियामक संस्थेने, आन्विसाने, २०११ मध्ये भूक मारणारी ३ जुनी औषधं बंद केली. तुमची शेजारीण प्रेमापोटीच देत असेल, तिला दुखवू नका. 'मला माझ्या आहारतज्ज्ञ ताईंनी मनाई केली आहे' असं सांगा आणि विषय मिटवा.

आता गुपिताकडे वळू. मी स्वतः ब्राझीलमध्येच, बेलो होरिझोंते शहरात २ वर्षं राहिले आहे आणि सुरुवातीचे काही महिने माझाही अगदी हाच समज होता. सकाळी खिडकीतून बघावं तर जो तो पळतोय, सायकल मारतोय. मग एकदा पाय मुरगळला, सरकारी दवाखान्यात तास-दीड तास बसावं लागलं, आणि तिथे दुसराच ब्राझील भेटला. गुडघे धरून बसलेल्या बायका, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेले तिशी-पस्तिशीचे पुरुष, धाप लागलेली जाडजूड मुलं. जे पळतात ते तळ्यावर दिसतात. जे पळत नाहीत ते घरात असतात, ते आपल्याला दिसत नाहीत, एवढाच तो फरक.

ब्राझीलचं आरोग्य मंत्रालय २००६ पासून राज्यांच्या राजधान्यांमध्ये फोनवरून एक पाहणी करतं, तिचं नाव विजितेल. त्या पहिल्या वर्षी लठ्ठ प्रौढांचं प्रमाण ११.८ टक्के होतं. २०१९ मध्ये ते २०.३ टक्क्यांवर गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीत ब्राझीलचे ४७ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. आणि समुद्रकिनाऱ्यावरची ती जाहिरातीतली शरीरं? सौंदर्यशस्त्रक्रिया सर्वाधिक होणाऱ्या जगातल्या पहिल्या दोन देशांत ब्राझीलचं नाव वर्षानुवर्षं आहे. त्या फोटोंशी स्वतःची तुलना करून रडू नका, एवढं मी तुम्हाला कळवळून सांगते.

पण तुमच्या शेजारणी खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तुम्ही नेमकं तेच ताटातून काढून टाकलंत, याचं मला वाईट वाटलं.

माझी घरमालकीण साठीच्या पुढची होती. रविवारी संध्याकाळी ती टेबलावर घेवडा पसरायची. एका हाताने खडे बाजूला सारायची आणि निवडलेले दाणे टेबलाच्या कडेवरून मांडीवरच्या पातेल्यात ओढायची. रात्रभर भिजत घालायची, सकाळी पाणी बदलून, दोन तमालपत्रं टाकून कुकरला लावायची. गार झालं की डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. डबे सगळे आइस्क्रीमचे! ब्राझीलमध्ये घरोघरी हे असंच असतं. पोरं हरखून आइस्क्रीमचा डबा उघडतात आणि आत गोठलेला घेवडा निघतो. रोज दुपारी ती एक डबा काढायची. कढईत चमचाभर तेलावर ठेचलेला लसूण लाल करायची, त्यात डावभर घेवडा टाकून डावाच्या पाठीने चेचायची, मग बाकीचा ओतायची. त्या चेचलेल्या दाण्यांनीच रस्सा दाट व्हायचा. खोबरं नाही, कूट नाही, गूळ नाही. शेजारी भात, बारीक चिरून लसणावर जेमतेम परतलेली कोव्हीची पालेभाजी, टोमॅटो-कांदा, आणि मांसाचा एक तुकडा किंवा अंडं. पोट भरायचं ते भात आणि घेवड्याने.

तुम्ही सांगलीच्या, म्हणजे शेजारच्या सातारा जिल्ह्यातला कोरेगावचा वाघ्या घेवडा तुम्हाला ठाऊक असणार. अंगावर पट्टे असलेला. तुमच्या कॅम्पिनासच्या दुकानात जो 'कारिओका' म्हणून मिळतो, फिकट तपकिरी अंगावर गडद पट्ट्यांचा, तो त्याचाच सख्खा भाऊ. राजमाही त्याच कुळातला. तेव्हा शेजारणी परकं काही खात नाहीत, तुमच्या आजीची उसळच खातात.

भाताबरोबर घेवडा किंवा डाळ हवीच, याला कारण आहे. तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते घेवड्यात भरपूर असतं. घेवड्यात जे कमी, ते तांदूळ पुरवतो. दोन्ही मिळून प्रथिनं चांगली होतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम कारिओका घेवड्यात सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं आणि ८ ग्रॅम तंतू असतात आणि कॅलरी पाऊणशेच्या आसपास. तेवढ्याच पांढऱ्या भातात कॅलरी सव्वाशेच्या वर आणि तंतू नावापुरते. आपल्याकडे ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाची धार असते, तिथे चुकतं. भात एक डाव, घेवडा दोन डाव, असं वाढून घ्या. त्या तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते, आणि आईंना मधुमेह असताना तुम्हाला नेमकं तेच हवं आहे.

हे काही माझ्या मनाचं नाही. साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो या डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. घरोघरच्या खरेदीच्या नोंदी सांगत होत्या की लोक पूर्वीपेक्षा साखर, मीठ, तेल कमी विकत घेतायत, आणि तरी लठ्ठपणा वाढतोय. असं कसं? तर साखर-तेल घरातल्या डब्यातून गेलं आणि पाकिटातून परत आलं. बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स, शीतपेयं, सॉसेज. २००९ मध्ये त्यांनी अन्नाची वर्गवारी मांडली ती यावरून: किती तेल, किती साखर यापेक्षा त्या पदार्थावर कारखान्यात काय काय केलं गेलं ते पाहा. 'अतिप्रक्रिया केलेलं अन्न' हा शब्द आज जगभर झालाय, तो तिथून आला. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना २ आठवडे असं पाकीटबंद जेवण आणि २ आठवडे साधं ताजं जेवण हवं तितकं खायला दिलं. पाकिटांच्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, त्यांना स्वतःला कळतही नव्हतं.

२०१४ मध्ये ब्राझील सरकारने आहाराची नवी मार्गदर्शिका काढली, ती मला जगातल्या सगळ्या सरकारी आहारपुस्तकांत सगळ्यात शहाणी वाटते. तिच्यात कॅलरीचे तक्ते नाहीत. देशात पाकीटबंद अन्न सर्वात कमी खाणारे जे लोक आहेत, ते दिवसभरात काय जेवतात ते पाहून त्यांची ताटं नमुना म्हणून दाखवली आहेत. त्या ताटांत पुन्हा पुन्हा काय दिसतं? भात आणि घेवडा. शिवाय ठरल्या वेळी जेवा, सावकाश जेवा, जमेल तेव्हा चारचौघांत बसून जेवा, हेही सरकारने लिहून ठेवलं आहे. तुमचं पत्र वाचताना मला सारखं जाणवत होतं की तुम्ही दुपारी एकट्या जेवता.

दुःख याचं की ब्राझीलही हे ताट हळूहळू विसरतोय. २००२-०३ च्या सरकारी पाहणीत माणशी वर्षाला १२.४ किलो घेवडा घरी येत होता. २०१७-१८ मध्ये तो ५.९ किलोवर आला. तुम्ही तिथे पोहोचलात ती अशा वेळी. सुपरमार्केटच्या पुढच्या रांगांत पाकिटं, आणि घेवडा पार मागे. एक सोय मात्र झाली आहे: २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिथल्या पाकिटांवर पुढच्या बाजूला काळं भिंग छापू लागलेत, 'आल्तो एं' असं लिहून. म्हणजे आत वरून घातलेली साखर, संपृक्त चरबी किंवा मीठ जास्त आहे. पोर्तुगीज येत नसलं तरी भिंग ओळखता येतं. भिंग दिसलं की पाकीट परत ठेवा.

आता तुमच्या नाश्त्याबद्दल. तापियोका म्हणजे काय, सांगू? आपला साबुदाणा. कंद तोच, कसावा, ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी जगभर नेलेला. (काजू आणि अननसही तिथले, नावांसकट आपल्याकडे आले.) तिथल्या जिममध्ये तापियोकाला 'फिट' म्हणतात, कारण त्यात ग्लुटेन नाही. पण तो निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं जवळजवळ शून्य. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दोन तासांत कशी भूक लागते, आठवतंय ना? तुम्ही रोज सकाळी तेच करताय. तापियोका सोडायचाच असं नाही, आवडत असेल तर आत दोन अंडी किंवा पनीरसारखं ताजं चीज घाला, सोबत पपई घ्या. नाहीतर सरळ मूग भिजवून धिरडी करा.

असाईच्या वाडग्याबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडे, पारा राज्यात, असाई हे जेवण आहे. बिनसाखरेचा घट्ट जांभळा गर, शेजारी तळलेला मासा आणि कसाव्याचं भरड पीठ. दक्षिणेकडच्या शहरांत येईपर्यंत तोच गर ग्वाराना या तिथल्याच फळाच्या गोड पाकात घोटून गोठवला जातो. वर केळं, ग्रॅनोला, दूधपावडर आणि कंडेन्स्ड मिल्कची धार. फळ तेच, पण पदार्थ मिठाईचा झाला. तुम्ही दुपारी उपाशी राहून संध्याकाळी रोज वाडगाभर मिठाई खाताय, आणि वर रात्री साडेनऊला पोळी-भाजी. सात किलोंचा हिशोब मला तरी इथेच लागतो. तुमच्यात काही खोट नाही. भूक लागली होती, आणि जे चांगलं म्हणून कुणी सांगितलं ते तुम्ही खाल्लंत.

तर मुख्य जेवण दुपारी आणा. बारा-साडेबाराला, शेजारणींच्या वेळेला. भात, घेवडा किंवा वरण, पालेभाजी, कोशिंबीर, अंडं किंवा मासा खात असाल तर तो. आठवड्यातून एक-दोनदा किलोच्या भावाने जेवण मिळतं त्या खानावळीत जा, कुणाला तरी सोबत घेऊन. तिथे ताट तराजूवर ठेवतात आणि वजनाचे पैसे चिठ्ठीवर लिहितात. काउंटरच्या सुरुवातीला कच्च्या भाज्या असतात, तिथेच अर्धं ताट भरा, मग घेवडा, मग भात. तळलेल्या पदार्थांपर्यंत पोहोचेपर्यंत ताटात जागा उरत नाही. संध्याकाळी सहाला फळ आणि मूठभर शेंगदाणे. रात्रीचं जेवण साडेसात-आठला आणि हलकं. नवरा उशिरा येत असेल तर त्यांच्याजवळ बसा, गप्पा मारा, पण दुसऱ्यांदा जेवू नका. आपल्याकडच्या बायकांना हे जड जातं, मला कल्पना आहे.

व्यायामाचं आता. सांगलीत तुम्ही शाळेत दिवसभर उभ्या होतात, जिने चढत होतात, घरी चालत येत होतात. त्याला तुम्ही व्यायाम म्हणत नव्हतात, पण शरीर तो मोजत होतं. तो सगळा एका झटक्यात बंद झाला. तो भरून काढायला जिमच लागते असं नाही. रेसिफे शहराने २००२ मध्ये चौकांत आणि बागांत फुकट व्यायामवर्ग सुरू केले, प्रशिक्षक सरकारी, येणाऱ्यांत बहुतेक मध्यमवयीन बायका. पुढे बेलो होरिझोंतेने तसं केलं, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आरोग्य अकादमी' म्हणून हाच कार्यक्रम देशभर नेला. मी आमच्या भागातल्या वर्गाला जायचे. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट शूज असा माझा अवतार होता. शेजारी सत्तरीच्या एक आजी रबरी पट्टा ओढत होत्या, पोट सुटलेलं, अंगात झगझगीत केशरी टाइट्स. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त सरकून जागा करून दिली. ब्राझीलच्या लोकांचं हे मला फार आवडतं: शरीर कसंही असो, ते घेऊन बाहेर पडायला त्यांना संकोच नाही. समुद्रावर जा, सगळ्या वयाच्या, सगळ्या मापांच्या बायका पोहण्याच्या कपड्यांत निवांत बसलेल्या असतात. जिममधल्या त्या चार मुली म्हणजे ब्राझील नव्हे.

तुमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात, तिथे 'पोस्तो' म्हणतात, असा वर्ग कुठे चालतो ते विचारा. तोवर तळ्यावर जा. कॅम्पिनासला तळं म्हणजे बहुधा ताक्वारालच असणार. आणि एकट्या नको. ज्या शेजारणीने कॅप्सूल देऊ केली, तिलाच म्हणा, 'मला सकाळी तुमच्याबरोबर न्या.' पळायचं नाही, भरभर चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. त्याने १५० मिनिटं होतात, निदान तेवढी हवीतच. दोन दिवस घरी १५-२० मिनिटं ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. शिवाय चालता चालता पोर्तुगीज येईल, आणि दीड वर्षात तुमच्या पत्रात एकाही मैत्रिणीचं नाव नाही, तेही बदलेल. एक खबरदारी: तळ्याकाठी कॅपिबारा (उंदराच्या कुळातले मोठे प्राणी) फिरतात तिथल्या गवतात बसू नका. त्या भागात गोचीड चावून येणारा एक ताप जिवावर बेततो. फरसबंदीवरून चाला, घरी आल्यावर पाय तपासा. ताप आलाच तर डॉक्टरांना गवताबद्दल आवर्जून सांगा.

याच्या आधी एक काम करा. पोस्तोत जाऊन थायरॉइडची टीएसएच आणि साखरेची एचबीएवनसी तपासणी करून घ्या. दीड वर्षात ७ किलो म्हटल्यावर थायरॉइड बघितलंच पाहिजे. तिथली सार्वजनिक आरोग्यसेवा देशात राहणाऱ्या सर्वांना मोफत आहे, परदेशी असलात तरी. शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा. आपल्या भारतीय बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे सावध व्हायला लागतं, कारण आपल्याकडे चरबी पोटावर आधी साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो. उंची तुम्ही लिहिली नाहीत, त्यामुळे वजन किती असावं ते मी आत्ता सांगत नाही. ३ महिन्यांत ३ किलो उतरले तरी मी खूश असेन, त्याहून घाई नको.

आईंना सांगा की भात सोडलेला नाही, पण तो आता दुपारी असतो, एक डाव असतो आणि त्याच्यावर दोन डाव घेवडा असतो. त्यांनाही तेच ताट चालेल, त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

रिपोर्ट आले की आकड्यांसकट परत लिहा, उंची आणि कंबर टाकायला विसरू नका. आणि आज रात्री दोन वाट्या कारिओका भिजत घाला.

तुमची,
ताई